साहेब जेवायला गेलेत

महाराष्ट्रातल्या कचेऱ्यांनी गेल्या शे-दीडशे वर्षांत एक सुरक्षाव्यवस्था फुकटात उभी केली, पण संगणकशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत तिला ओळभरही जागा मिळालेली नाही. ‘उद्या या’, ‘साहेब जेवायला गेलेत’, ‘जोशीबाई रजेवर आहेत आणि कपाटाची किल्ली त्यांच्याकडे आहे’, ‘हाच अर्ज दोन प्रतींत करून आणा’ ही तिची मुख्य सूत्रं. या व्यवस्थेत प्रामाणिक माणसाचं काम होत नसे, हा तिचा दोष सर्वांना तोंडपाठ आहे. अप्रामाणिक माणसाचंही चटकन होत नसे, या गुणाचं मात्र कुणी कौतुक केलं नाही. १९८५ साली एखादा भामटा पोस्टात जाऊन म्हणाला असता, की पलीकडच्या आळीतल्या आजोबांचे पन्नास हजार दहा मिनिटांत माझ्या हातावर ठेवा, तर खिडकीमागच्या कारकुनाने मान वर करण्याचेही कष्ट घेतले नसते. त्याने पासबुक मागितलं असतं, फॉर्मवर खाडाखोड आहे म्हणून तो परत केला असता आणि शेवटी सही जुळत नाही म्हणून आजोबांनाच घेऊन यायला सांगितलं असतं. खुद्द आजोबा आले असते तरी त्यांचीही सही जुळली नसती. आज तेच पन्नास हजार आजोबा घरच्या खुर्चीत बसून, स्वतःच्या अंगठ्याने, चार सेकंदांत भामट्याला पाठवतात आणि वर पडद्यावर हिरवी टिकली उमटते. या मधल्या काळात चोर फार हुशार झाला असं माझं मत नाही. मधला कारकून गेला, एवढंच झालं.

सायबर गुन्हा हा संगणकाचा विषय आहे असा समज पसरलाय, कारण त्यावर व्याख्यान द्यायला येणारा माणूस सोबत लॅपटॉप आणतो. त्याच्या पहिल्याच चित्रात टोपडं ओढून बसलेला, तोंड न दिसणारा एक तरुण असतो आणि त्याच्यामागे हिरवे आकडे पावसासारखे पडत असतात. प्रत्यक्षात रोजच्या बहुतेक गुन्ह्यांत भामटा कुठल्याही यंत्राचं कुलूप फोडत नाही. तो माणसाला घाई करतो आणि कुलूप माणूस आपल्या हाताने उघडतो. वीजबिलाचा तो प्रसिद्ध संदेश घ्या. ‘प्रिय ग्राहक, मागील महिन्याचे बिल अपडेट नसल्याने आज रात्री साडेनऊ वाजता आपला वीजपुरवठा खंडित करण्यात येईल, त्वरित आमच्या अधिकाऱ्यांशी संपर्क साधा’, आणि खाली दहा आकडी मोबाईल नंबर. आपण असे संदेश पाठवत नाही, हे महावितरणने अनेकदा जाहीर केलं आहे. तरी तो चालतो, कारण त्यातला प्रत्येक शब्द तोलून घातलेला आहे. साडेनऊ का? कारण तेव्हा कचेरी बंद असते आणि जाऊन विचारायची सोय नसते. ‘बिल भरलेलं नाही’ असं तो म्हणत नाही, कारण ज्याने भरलंय तो निर्धास्त झोपेल. ‘अपडेट नाही’ म्हटलं की भरणारा आणि न भरणारा दोघेही अंथरुणावरून उठतात. खरं तर संशय पहिल्याच ओळीत यायला हवा: वीज जाणार हे आधी कळवलंय, तेही घड्याळाच्या वेळेसकट! शिवाय अधिकाऱ्याचा थेट मोबाईल नंबर न मागता मिळतोय. पण घाईत माणूस एवढा विचार करत नाही. तो फोन लावतो, पलीकडचा ‘अधिकारी’ दहा रुपये भरायला एक अॅप उतरवून घ्यायला सांगतो, त्या अॅपमधून आपला पडदा त्याला तिकडे जसाच्या तसा दिसू लागतो आणि दहा रुपयांसाठी टाइप केलेला पिन तो निवांत लिहून घेतो.

यावर पहिला आक्षेप ठरलेला आहे: ‘लोक मूर्ख आहेत, लोभी आहेत, त्यांना एवढंही कळत नाही का?’ हा आक्षेप घेणारा माणूस बहुधा अजून फसलेला नसतो, आणि तेवढीच त्याची पात्रता असते. लोक मूर्ख नाहीत, आज्ञाधारक आहेत. आणि त्यांना आज्ञाधारक व्हायचं शिक्षण खऱ्याखुऱ्या संस्थांनीच दिलंय. बँक सांगते, अनोळखी लिंक दाबू नका. आणि दुसऱ्या दिवशी केवायसीसाठी लिंक पाठवते, जिचं नाव वाचता येत नाही असं तोडकंमोडकं असतं. ओटीपीच्या संदेशात लिहिलेलं असतं, हा आकडा कुणालाही सांगू नका. आणि दारात पार्सलवाला पोऱ्या उभा राहून जिन्यातून ओरडत असतो, ‘काकू, ओटीपी सांगा!’ दिवसातून चारदा ओटीपी सांगायची सवय लागलेल्या काकूंनी पाचव्या खेपेला अचानक सुरक्षातज्ज्ञ व्हावं, ही अपेक्षा जरा जास्त आहे. आधारच्या झेरॉक्सचंही तेच. मे २०२२ मध्ये आधार प्राधिकरणाच्या बंगळुरू कार्यालयाने एक सूचना काढली: आधारची झेरॉक्स कुणालाही देऊ नका, तिचा गैरवापर होऊ शकतो. देशात एकच खळबळ उडाली, कारण सिम कार्डाच्या टपरीपासून लॉजच्या काउंटरपर्यंत सगळीकडे आपण ती वाटून बसलो होतो. दोनच दिवसांत, २९ मे रोजी, ती सूचना मागे घेण्यात आली आणि नागरिकांनी नेहमीसारखी सावधगिरी बाळगावी असं सांगण्यात आलं. ‘नेहमीसारखी’ म्हणजे किती, हे नागरिकांवर सोपवलेलं आहे.

आता आकडे पाहू, कारण विनोदी लेखातही एखादा आकडा असला की वाचक सरसावून बसतो. केंद्र सरकारने लोकसभेत दिलेल्या माहितीनुसार २०२४ या एका वर्षात सायबर फसवणुकीत लोकांचे सुमारे २२,८४५ कोटी रुपये गेले. आदल्या वर्षीचा आकडा ७,४६५ कोटींचा होता. यात ‘डिजिटल अरेस्ट’ नावाचा, म्हणजे व्हिडिओ कॉलवरच अटक केल्याचं भासवून पैसे उकळण्याचा, प्रकार विशेष गाजला. कायद्यात अशी अटकच नाही, हे पोलिसांपासून पंतप्रधानांपर्यंत सगळ्यांनी सांगितलं. ऑक्टोबर २०२४ च्या ‘मन की बात’मध्ये तर थांबा, विचार करा आणि मगच पुढची कृती करा असा सल्ला देण्यात आला, आणि शासकीय धोरणात दिरंगाईला बहुधा प्रथमच मानाचं पान मिळालं. त्याच वर्षी लुधियानातल्या एका मोठ्या वस्त्रोद्योगसमूहाच्या वयोवृद्ध प्रमुखांना भामट्यांनी व्हिडिओ कॉलवर चक्क सर्वोच्च न्यायालय भरवून दाखवलं. खोटे सरन्यायाधीश बसले, हातोडा आपटल्याचा आवाज झाला, सही-शिक्क्याचा हुकूम व्हॉट्सअॅपवर आला आणि सात कोटी रुपये गेले. त्यातले सव्वापाच कोटी पोलिसांनी परत मिळवले, हे त्यांचं कौशल्य. पण त्या न्यायालयात दोन उघड दोष होते. एक म्हणजे हातोडा: भारतातले न्यायाधीश हातोडा आपटत नाहीत, तो हिंदी सिनेमातून आलेला आहे. आणि दुसरा त्याहून ठळक: सुनावणी झाली, हुकूम निघाला, तो हातातही पडला आणि मध्ये एकदाही तारीख पडली नाही. दिवाणी कोर्टाची पायरी एकदा जरी चढलेला मराठी शेतकरी असता, तर त्याने तिथल्या तिथे ओळखलं असतं, की हे न्यायालय नव्हे.

इथे चाणाक्ष वाचक मला अडवील. तुम्ही घाई घाई म्हणता, पण डिजिटल अरेस्ट तर दिवसेंदिवस चालते. माणसाला कॅमेऱ्यासमोर बसवून ठेवतात, झोपताना फोन उशाशी चालू ठेवायला लावतात. यात घाई कुठे आली? आक्षेप रास्त आहे, आणि त्यामुळे माझं म्हणणं थोडं दुरुस्त करून मांडायला हवं. जुन्या कचेरीच्या दिरंगाईत नुसता वेळ नव्हता. तिच्यात दुसरा माणूस होता. कारकून स्वतःच्या जबाबदारीवर काहीच करत नसे. ‘वरिष्ठांना विचारून सांगतो’ हे त्याचं ब्रीद होतं. फाईल एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर जाई आणि प्रत्येक टेबलावर निदान एका माणसाची तिच्यावर नजर पडे, मग ती पेंगुळलेली का असेना. डिजिटल अरेस्टवाल्याची पहिली अट काय असते? ‘कुणाशी बोलायचं नाही.’ ना बायकोशी, ना मुलाशी, ना शेजारच्या देशपांड्यांशी. हे राष्ट्रीय सुरक्षेचं प्रकरण आहे! त्याला ठाऊक असतं, की गोष्ट दुसऱ्या कानावर गेली की संपली, कारण देशपांडे पहिल्याच वाक्याला म्हणतील, ‘अहो, ठेवा तो फोन.’ २०२४ मध्ये हैदराबादेत स्टेट बँकेच्या एका शाखेत एक ज्येष्ठ नागरिक घाबऱ्याघुबऱ्या मुदतठेव मोडायला आले, तेव्हा तिथल्या कर्मचाऱ्यांनी अगदी अस्सल कारकुनी बाणा दाखवला: आज नाही, घरच्यांना घेऊन या. त्यांचे १३ लाख रुपये वाचले. कुठलंही सॉफ्टवेअर विकत घ्यावं लागलं नाही.

पण या सिद्धांताचा सगळ्यात मोठा पुरावा ढाक्यात आहे. फेब्रुवारी २०१६ मध्ये बांगलादेशच्या मध्यवर्ती बँकेचे न्यूयॉर्कच्या फेडरल रिझर्व्हमधले जवळजवळ सगळे पैसे, म्हणजे सुमारे ९५ कोटी डॉलर, उचलण्याचा घाट चोरांनी घातला. आत शिरले कसे, तर वर्षभर आधी नोकरीच्या अर्जाच्या ईमेलमधून. कुणीतरी होतकरू उमेदवाराचा बायोडेटा उघडून पाहिला. चोरीचा दिवस त्यांनी पंचांग बघून काढला म्हणावं असा होता. गुरुवारी रात्री हुकूम सुटले. शुक्रवारी बांगलादेशात साप्ताहिक सुट्टी, शनिवार-रविवार न्यूयॉर्कला सुट्टी, आणि सोमवारी चिनी नववर्षाची मनिलात सुट्टी, जिथे पैसे जाणार होते. एवढा तपशीलवार सुट्ट्यांचा अभ्यास आपल्याकडे फक्त शाळामास्तर दिवाळीच्या आधी करतात. बँकेत एक प्रिंटर होता; परदेशी व्यवहारांचे कागद त्यातून आपोआप बाहेर पडत. चोरांनी तो बंद पाडून ठेवला. शुक्रवारी सकाळी अधिकाऱ्याने पाहिलं, प्रिंटर चालत नाही. त्याने काय केलं? जगातल्या कुठल्याही कचेरीतला माणूस करील तेच: प्रिंटर आहे, बिघडायचाच, असं समजून तो दुसऱ्या कामाला लागला. जगातल्या एका अतिशय महागड्या बँकचोरीत चोरांना खात्रीचा साथीदार मिळाला तो हा.

आणि चोरी फसली कशाने? अत्याधुनिक यंत्रणेने फारसं काही केलं नाही. वाचवलं ते दोन नमुनेदार कारकुनी खुसपटांनी. चोरांनी पैसे ज्या मनिलाच्या शाखेत पाठवले, तिच्या पत्त्यात रस्त्याचं नाव ‘ज्युपिटर’ होतं, आणि अमेरिकेने निर्बंध घातलेल्या एका इराणी जहाजाच्या नावातही ‘ज्युपिटर’ होतं. काहीही संबंध नसताना केवळ नामसाधर्म्यावरून पस्तीसपैकी बहुतेक हुकूम ‘तपासणीसाठी’ बाजूला पडले. दुसरं खुसपट त्याहून गोड आहे. दोन कोटी डॉलर श्रीलंकेतल्या एका ‘फाउंडेशन’ला जायचे होते, चोरांनी स्पेलिंग चुकवून ‘फॅन्डेशन’ केलं, आणि मधल्या बँकेने स्पष्टीकरण मागितलं. अखेर चोरांच्या हाती लागले ८ कोटी १० लाख डॉलर. रक्कम लहान नाही, पण उरलेले सुमारे ८७ कोटी डॉलर शुद्धलेखन आणि नामसाधर्म्य यांनी राखले. अर्जावर ‘श्री’ नाही म्हणून तो परत करणाऱ्या लिपिकाची आपण आयुष्यभर टवाळी केली. त्याला मध्यवर्ती बँकेत बसवायला हवं होतं.

‘हे ठीक आहे,’ असं कोणी म्हणेल, ‘पण जिथे माणूसच मध्ये नसतो, यंत्र यंत्राला फसवतं, तिथे तुमचा कारकून काय करणार?’ याचं उदाहरण पुण्यातच आहे. ११ ऑगस्ट २०१८, महिन्यातला दुसरा शनिवार. कॉसमॉस बँकेच्या एटीएमच्या व्यवहारांना मंजुरी देणारी जी यंत्रणा असते, तिच्या जागी चोरांनी आपली एक बनावट यंत्रणा उभी केली. मग २८ देशांतल्या एटीएमवर माणसं क्लोन केलेली कार्डं घेऊन उभी राहिली आणि दोन-अडीच तासांत सुमारे १२ हजार व्यवहारांतून ७८ कोटी रुपये काढले गेले. भारतातून आणखी अडीच कोटी, आणि सोमवारी हाँगकाँगच्या खात्यावर आणखी जवळपास १४ कोटी. एकूण ९४ कोटी. आता इथे फसवलं ते यंत्राला, हे कबूल. पण नेमकं फसवलं काय? मधला ‘विचारून सांगतो’ म्हणणारा भाग. कार्ड आलं की यंत्र विचारायचं, पैसे देऊ का? आणि खरी यंत्रणा खात्याकडे बघून उत्तर देण्याऐवजी बनावट यंत्रणा दर वेळी ‘द्या’ म्हणायची. म्हणजे भामट्यांनी पुण्यातून चोरला तो कारकूनच. त्याच्या खुर्चीत एक असा माणूस बसवला, जो कुणालाही नाही म्हणत नाही. तो पुणेरी नव्हता, हे उघड आहे.

मात्र माझ्या सिद्धांताची एक बाजू उलटी आहे आणि ती लपवून ठेवणं बरं दिसणार नाही. काही ठिकाणी दिरंगाई जीवघेणी ठरते, आणि दुर्दैव असं, की नेमकी तिथेच आपण ती काटेकोरपणे पाळतो. लिंक दाबायला आपल्याला पाव सेकंद लागतो. फोन किंवा संगणक अपडेट करायला सांगितलं की मात्र आपल्यातला जुना कारकून खडबडून जागा होतो आणि ‘उद्या आठवण करा’ हे बटण दाबतो. सॉफ्टवेअरमध्ये भोक सापडलं की कंपनी ते बुजवणारा तुकडा पाठवते, तोच हा अपडेट. मार्च २०१७ मध्ये मायक्रोसॉफ्टने विंडोजमधलं असंच एक भोक बुजवायची सोय दिली. बारा मे रोजी ‘वॉनाक्राय’ नावाचा खंडणीखोर व्हायरस त्याच भोकातून जगभरच्या दोन लाखांहून अधिक संगणकांत शिरला आणि ब्रिटनमधल्या सरकारी दवाखान्यांचं कामकाज कोलमडलं. मध्ये जवळजवळ दोन महिने होते. ते कुठे गेले, हे ‘उद्या आठवण करा’ला विचारा.

आणि अपडेट केलं म्हणजे सुटलो, असंही नाही. दीड महिन्यानेच, जून २०१७ मध्ये, ‘नॉटपेट्या’ नावाचा त्याचा भाऊ आला, तो युक्रेनमधल्या एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधूनच. त्याने मर्स्क ही बलाढ्य जहाज कंपनी झोपवली, आणि तिच्या गटाचं टर्मिनल आपल्या उरणजवळ न्हावाशेव्याला असल्यामुळे तिथलंही काम अडलं. युक्रेनमधला हिशेबनीस आणि रायगड जिल्ह्यातला कंटेनर यांचा संबंध एरवी कुठल्या ज्योतिषानेही जोडून दाखवला नसता. मर्स्कच्या संगणकांचं सगळं जाळं ज्या मुख्य यंत्रांवर चालतं, त्यांच्या दीडशेच्या आसपास प्रती होत्या. सगळ्या एकमेकींना जोडलेल्या, म्हणून सगळ्या एकदम गेल्या. एकच वाचली, आफ्रिकेत घाना देशात. का, तर हल्ल्याच्या वेळी तिथले दिवे गेले होते. एका जागतिक कंपनीला भारनियमनाने तारलं! मग तिथल्या माणसाकडे ब्रिटनचा व्हिसा नाही असं निघालं आणि ती डिस्क नायजेरियाच्या विमानतळावर दुसऱ्याच्या हाती सोपवून लंडनला न्यावी लागली. बॅकअपची एक प्रत जोडणी काढून वेगळी ठेवावी, असं तज्ज्ञ घसा कोरडा करून सांगतात, ते यासाठी. घरगुती पातळीवर याचा अर्थ इतकाच, की नातवाचे फोटो एका वेगळ्या हार्ड डिस्कवर घ्यावेत आणि मग ती कपाटात टाकावी. किल्ली जोशीबाईंकडे दिली तरी चालेल.

पासवर्डबद्दल फार लिहीत नाही, कारण त्याबद्दल इतकं सांगून झालंय, की लोकांनी ऐकणं सोडून दिलंय. तज्ज्ञांनीही काही वर्षं चुकीचं सांगितलं, हे मात्र नोंदवायला हवं. दर तीन महिन्यांनी पासवर्ड बदला, त्यात मोठं अक्षर, आकडा आणि चिन्ह घाला, या सक्तीचं मूळ २००३ सालच्या एका अमेरिकन सरकारी मार्गदर्शिकेत आहे. ती लिहिणारे बिल बर यांनी २०१७ मध्ये त्यातल्या बऱ्याच भागाबद्दल पश्चात्ताप व्यक्त केला. तोवर जगभरच्या कर्मचाऱ्यांनी ‘गणेश@१’चा ‘गणेश@२’ आणि त्याचा ‘गणेश@३’ करत निष्ठेने पंचवीसपर्यंत मजल मारली होती. आता सांगतात ते सोपं आहे: लांब वाक्यासारखा पासवर्ड ठेवा, प्रत्येक ठिकाणी वेगळा ठेवा, आणि महत्त्वाच्या खात्यांना दुसरी पायरी लावा, म्हणजे पासवर्ड चोरीला गेला तरी आणखी एक खूण विचारली जाते. ही दुसरी पायरी म्हणजेच दुसऱ्या टेबलावरची सही. लोक तिला कंटाळतात, आणि तो कंटाळा हेच तिचं काम नीट चालल्याचं लक्षण आहे.

गंभीर आक्षेप अजून बाकीच आहे. भाजीवालीपासून सोलापूरच्या चादरवाल्यापर्यंत सगळ्यांचा धंदा यूपीआयने सोपा केला. मध्यरात्री दवाखान्यात पैसे लागले तर ते मिनिटात पोहोचतात. हे सगळं मोडून पुन्हा रांगा लावायच्या का? अजिबात नाही. जुन्या कचेरीने जेवढ्या लोकांना वाचवलं, त्याच्या कित्येक पट लोकांना तिने रडवलं, हे मी विसरलेलो नाही. पण कोथिंबिरीच्या जुडीचे दहा रुपये आणि निवृत्तीचे चाळीस लाख एकाच वेगाने जायला हवेत, हे कुणी ठरवलं? ब्रिटनने ऑक्टोबर २०२४ पासून बँकांना मुभा दिली, की फसवणुकीचा सबळ संशय असेल तर पैसे पाठवणं ७२ तासांपर्यंत लांबवता येईल. आपल्याकडेही नवा खातेदार जोडला की काही तास मोठी रक्कम पाठवता येत नाही, अशी सोय अनेक बँकांत आहे, आणि ग्राहकसेवेवर सर्वाधिक तावातावाने खेकसणारे लोक नेमके तिच्याच विरोधात बोलतात. घाटातल्या प्रत्येक वळणावर ‘अति घाई संकटात नेई’ अशी पाटी रंगवणाऱ्या राज्यात एवढा धीर धरणं कठीण जाऊ नये.

उरला तो धीराचा चोर. शेअर बाजाराच्या नावाने गटात ओढणारा, रोज सकाळी फुलाच्या चित्रासकट शुभेच्छा पाठवणारा, महिना-दोन महिने अॅपवर वाढता नफा दाखवणारा. इथे घाई आपल्याला असते, त्याला नसते. अशा चोरांचे पुष्कळ अड्डे म्यानमार आणि कंबोडियात आहेत. तिथे किमान एक लाख वीस हजार आणि एक लाख माणसं अनुक्रमे सक्तीने कामाला जुंपलेली असावीत, असा अंदाज संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क कार्यालयाने ऑगस्ट २०२३ मध्ये दिला. त्यांत नोकरीच्या आमिषाने नेलेले भारतीय तरुणही असतात. पासपोर्ट काढून घेतलेले, रोजचं टार्गेट दिलेले. म्हणजे आपल्याला गोड बोलून लुटणारा पलीकडचा आवाज कदाचित स्वतःच आधी लुटला गेलेला असतो. हे लक्षात घेतलं की हसू थोडं आवरतं घ्यावं लागतं. पण या धंद्यातही पैसे काढायची वेळ आली की काय होतं पाहा: ‘आपली विनंती प्रक्रियेत आहे’, ‘वरिष्ठांची मंजुरी बाकी आहे’, ‘आधी नफ्यावरचा कर भरा, मग रक्कम मोकळी होईल’. पैसे घेताना चार सेकंद आणि देताना जिल्हा परिषद. ज्या अॅपमधून शंभर रुपये परत काढून बघता येत नाहीत, तिथे लाख टाकू नयेत, असं म्हणावंसं वाटतं; पण चलाख टोळ्या सुरुवातीला थोडे परत देतातही, तेव्हा तेवढ्यावर विसंबता येत नाही. अशा वेळी शेजारचे देशपांडेच उपयोगी पडतात.

आणि फसवणूक झालीच, तर तिथे मात्र धावत सुटायचं. १९३० हा क्रमांक त्यासाठी आहे. पैसा एका खात्यातून दुसऱ्या, दुसऱ्यातून दहाव्या खात्यात पळत असतो, आणि पहिल्या काही तासांत तक्रार झाली तर तो वाटेत गोठवता येतो. रिझर्व्ह बँकेच्या जुलै २०१७ च्या नियमानुसार, आपली चूक नसताना तिसऱ्याच कुणामुळे पैसे गेले आणि तीन कामकाजाच्या दिवसांत बँकेला कळवलं, तर ग्राहकाला भुर्दंड पडत नाही. आपण स्वतः ओटीपी दिला असला तरी कळवल्यानंतर जे जाईल ते बँकेचं. पण लोक कळवत नाहीत. लाज वाटते, सून काय म्हणेल, सोसायटीत चर्चा होईल. चार सेकंदांत पैसे पाठवलेला माणूस तक्रारीला चार दिवस लावतो. लोकांना सावध करण्यासाठी सरकारने अमिताभ बच्चन यांच्या भारदस्त आवाजात एक सूचना फोन लागण्याच्या आधी लावली होती. माणूस रुग्णवाहिका बोलवायला फोन करतोय की भावाला, तिला फरक पडत नसे. लोक इतके वैतागले, की जून २०२५ मध्ये ती बंद करण्यात आली. तिची एक गंमत लोकांच्या ध्यानात आली नाही: ती ऐकू येई फोन करणाऱ्याला, घेणाऱ्याला नव्हे. म्हणजे देशातल्या एकूण एक भामट्याने ‘सावध राहा’ हा इशारा दिवसातून कित्येकदा, अगदी पूर्ण, ऐकला असणार. व्हॉट्सअॅपवरून फोन करणारे तेवढे सुटले.